सहलीतील गांधीलमाशी : सोबत्याची भीती आणि आपले वर्तन

दिवाळी संपून हवेत गारवा आला की मराठी मध्यमवर्गीय घरांतून सहलीची खलबते सुरू होतात. बँकांच्या शाखांतूनही एल. एफ. सी.चे अर्ज याच सुमारास साहेबांच्या टेबलावर येऊ लागतात. राजस्थान, आणि त्यातही जयपूर, हे अशा बेतांतील हुकमी ठिकाण होय. गाडीचे आरक्षण, हॉटेलचा पत्ता, स्वेटर, औषधांची पिशवी, प्रवासातील दशम्या आणि चटणी यांची यादी तयार होते. एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत नसते आणि तरीही बरोबर निघते. ती म्हणजे सोबतच्या माणसाची भीती.

कोणाला उंचीची भीती असते, कोणाला लिफ्टची, कोणाला नावेत बसण्याची. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो गांधीलमाशीच्या भीतीचा. विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल, कदाचित हसूही येईल. परंतु अडचणीला प्रारंभ होतो तो नेमका या हसण्यापासून.

उदाहरणादाखल एक काल्पनिक जोडपे डोळ्यांसमोर आणू. पती पन्नाशीला आलेले, कार्यालयात जबाबदारीचे पद सांभाळणारे, एरवी सहसा न डगमगणारे. पत्नी शिक्षिका. जयपूरमधील पहिलीच सकाळ. जोहरी बाजारातील एका मिठाईच्या दुकानासमोर गरम जिलबीची बशी हाती आली आहे आणि पाकाच्या वासाने एक पिवळसर गांधीलमाशी बशीभोवती घिरट्या घालू लागते. पती बशी बाकावर टाकून मागे सरतात आणि भर रस्त्यात जाऊन उभे राहतात. एक रिक्षा त्यांना घासून जाते. ‘अहो, ती काही करत नाही, या इकडे,’ असे पत्नी म्हणतात. ‘तुला काय कळतंय त्यातलं? चल, निघू इथून,’ असे उत्तर येते. दुकानातील पोरगा हसतो. पत्नीला पतीची कीव येते, रागही येतो, आणि चारचौघांत ओशाळल्यासारखे होते ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी आमेरच्या किल्ल्यात एका छज्जाखाली लहानसे पोळे दिसते आणि किल्ला अर्धाच पाहून दोघे परत फिरतात. तिसऱ्या दिवसापासून जेवण हॉटेलच्या खोलीत, खिडक्या लावून. पत्नी आता कोठे जाऊ या असे सुचवीतही नाहीत, कारण सुचविले की वाद होतो. सहा दिवसांच्या सहलीचे हिशेबाने चार दिवस वाया जातात. पण खरी हानी पैशाची नसते. दोघांपैकी एकाने दुसऱ्याजवळ इच्छा बोलून दाखविणे थांबविले, ही ती हानी होय. आणि ती सहल संपल्यावरही घरी बरोबर येते. पुढच्या वर्षी बेत निघाला की ‘नको, घरीच बरे’ असे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ लागते.

या प्रसंगात वागावे कसे, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी प्रथम माशीची, मग भीतीची ओळख करून घ्यावी लागेल.

माशीची बाजू

जयपूर परिसरात गांधीलमाशीला ‘ततैया’ किंवा ‘बर्र’ म्हणतात. तेथे पर्यटकाच्या दृष्टीस पडणाऱ्या जाती प्रामुख्याने दोन प्रकारच्या. एक पिवळी, बारीक कमरेची, उडताना लांब पाय खाली लोंबत ठेवणारी. लाकडाचा भुसा चघळून केलेले तिचे कागदासारखे पोळे छज्जाखाली, झरोक्याच्या कोपऱ्यात, पंख्याच्या कडीजवळ आढळते. दुसरी आकाराने मोठी, तांबूस तपकिरी आणि पोटावर ठळक पिवळा पट्टा असलेली. ती जमिनीतील बिळात किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत घर करते. या दुसऱ्या जातीच्या पिवळ्या पट्ट्यातील रंगद्रव्य सूर्यप्रकाशातील ऊर्जा टिपते, असे इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली मांडले. भर उन्हात ही माशी इतकी चपळ का असते, याचा काही उलगडा त्यातून होतो.

मिठाईच्या दुकानाशीच तिची गाठ का पडावी? प्रौढ गांधीलमाशीची कंबर इतकी अरुंद असते की घन पदार्थ तिच्या पोटात उतरत नाही. तिला द्रव आहार लागतो. ती अळ्या, माश्या, टोळ यांची शिकार करते ती स्वतःसाठी नसून पोळ्यातील पिलांसाठी. पिले त्या बदल्यात तिला गोडसर लाळ देतात. पावसाळ्यानंतर पोळे भरभराटीला येते आणि हंगामाच्या अखेरीस पिले कमी होऊ लागतात. मग घरचा गोडवा आटलेल्या माश्या साखरेच्या शोधात बाहेर पडतात. पर्यटकांचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. पाक, उसाचा रस, कुल्हडमधील लस्सी, अर्धवट प्यालेली शीतपेयाची बाटली ही तिची ठिकाणे. थंडी कडक झाली की तिचा वावर बराच रोडावतो. म्हणून ज्यांच्या घरी ही भीती आहे त्यांनी ऑक्टोबरऐवजी डिसेंबरअखेर किंवा जानेवारीचा विचार करण्यास हरकत नाही. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दंशाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. दंश केवळ मादी करते, कारण नांगी हे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे. दुसरी गोष्ट अधिक उपयोगी. पोळ्यापासून दूर, खाद्याच्या शोधात फिरणारी माशी सहसा भांडण काढीत नाही. ती चावते ती कपड्यात अडकली, हाताखाली दाबली गेली किंवा फटकारली गेली तर. पोळ्याजवळ मात्र तिचा पवित्रा बदलतो; तेथे ती राखण करीत असते. तेव्हा बशीवरची माशी आणि पोळ्यावरची माशी यांना एकाच मापाने मोजू नये. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने ती माणसाच्या कातडीत अडकून राहते. गांधीलमाशीची तशी राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हापुन्हा दंश करू शकते. तिला चिरडणेही शहाणपणाचे नाही. मोठ्या जातींत चिरडलेल्या माशीच्या विषाच्या वासाने जवळपासच्या माश्या चवताळतात.

या कीटकाची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. वड, पिंपळ आणि उंबर या आपल्या तीनही पूजनीय वृक्षांचे परागीभवन गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील अतिसूक्ष्म कीटकांकडून होते. उंबर फोडल्यावर आत जे किडे दिसतात ते बहुधा हेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. राघवेंद्र गदगकर यांनी एका भारतीय गांधीलमाशीच्या समाजजीवनाचा अनेक दशके अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ २००१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. या जातीची राणी पोळ्यातील सर्वांत मवाळ रहिवाशांपैकी एक असते, हे त्यांचे निरीक्षण मोठे रंजक आहे.

आता, ही सर्व माहिती भिणाऱ्या पतीला वाचून दाखविली तर त्यांची भीती जाईल काय? बहुधा नाही. ते शांतपणे ऐकतील, कदाचित दाद देतील आणि पुढची माशी दिसताच पुन्हा रस्त्यात जाऊन उभे राहतील. भीती माहितीच्या अभावातून आलेली नसते, म्हणून माहितीच्या पुरवठ्याने ती जात नाही. सोबत्यांची पहिली चूक येथे होते. ते वकिलासारखा युक्तिवाद करू लागतात. माहितीचा खरा लाभ सोबत्यालाच होतो. कोठे निर्धास्त राहावे आणि कोठे सावध, हे त्याला कळते.

भीतीची बाजू

एखाद्या विशिष्ट वस्तूची, प्राण्याची वा परिस्थितीची तीव्र आणि टिकून राहणारी भीती हा मानसशास्त्राने स्वतंत्रपणे नोंदविलेला विकार आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेनुसार ही भीती साधारणतः सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेली असावी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने ती प्रमाणाबाहेर असावी, आणि तिच्यामुळे माणसाच्या जीवनात खरोखर अडथळा येत असावा. त्याआधीच्या पुस्तिकेत प्रौढ रुग्णाला आपली भीती अवास्तव आहे याची जाणीव असणे आवश्यक मानले होते. २०१३ साली ती अट गळाली. ‘तुमची भीती वेडेपणाची आहे, हे आधी कबूल करा’ असा हट्ट धरणाऱ्या पती वा पत्नीने हे अवश्य लक्षात घ्यावे. तशा कबुलीवाचूनही माणूस बरा होऊ शकतो.

ही भीती येते कोठून? काहींना बालपणी झालेला दंश आठवतो. काहींनी आईला वा काकांना पदर, पंचा झटकीत पळताना पाहिलेले असते. अनेकांना काहीच आठवत नाही. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखविताना प्रत्येक वेळी त्याच्या मागे पोलादी कांबीवर हातोडा आपटला. काही दिवसांत ते मूल आवाज न करताही उंदराला पाहून रडू लागले. प्रयोग क्रूर होता आणि आज त्याला कोणी परवानगी देणार नाही. भीती जोडली जाते हे मात्र त्यातून दिसले. मार्टिन सेलिग्मन यांनी १९७१ साली आणखी एक मुद्दा मांडला. साप, कोळी, उंची यांची भीती माणसाला पटकन जडते. विजेच्या खटक्याची वा भरधाव मोटारीची सहसा जडत नाही, वास्तविक त्यांनी होणारी हानी कितीतरी मोठी. उत्क्रांतीच्या दीर्घ प्रवासात जे धोके पूर्वजांच्या वाट्याला आले, त्यांच्यासाठी मनाची जमीन आधीच नांगरलेली असते, असे त्यांचे म्हणणे.

भीती जडणे एक आणि ती वर्षानुवर्षे टिकणे दुसरे. ती टिकते कशी, याचे उत्तर १९४७ साली ओ. हॉबर्ट माउरर यांनी दिले. माशी दिसते, छाती धडधडते, माणूस पळतो आणि तत्क्षणी त्याला सुटका वाटते. ही सुटका इतकी सुखद असते की पुढच्या वेळी पळण्याची ओढ अधिक बळावते. आणि थांबलो असतो तर काहीच झाले नसते, हे शिकण्याची संधी हुकते. बँकेच्या व्यवहारात याला अगदी जवळचे उदाहरण आहे. जुन्या कर्जाचे व्याज भागविण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याला त्या दिवशी हायसे वाटते, मुद्दल मात्र वाढत जाते. प्रथम माशी असलेले दुकान टाळले जाते, मग सगळी मिठाईची दुकाने, मग बागा, मग उघड्यावरचे जेवण, शेवटी सहलच.

सोबत्याची दोन टोके

भिणाऱ्या माणसाचा जोडीदार नकळत दोन टोकांपैकी एकाकडे झुकतो. पहिले टोक थट्टेचे. ‘एवढ्याशा माशीला घाबरता, उद्या ऑफिसात सांगू का?’ पुरुषाच्या बाबतीत हे शस्त्र फार बोचरे ठरते. अशा विशिष्ट भीती स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतात, असे पाहण्यांतून दिसले आहे. तथापि पुरुषांत त्या नसतात असा याचा अर्थ नव्हे. पुरुष ती लपवितो, चिडचिडीच्या वेषात बाहेर काढतो. वरील उदाहरणात ‘तुला काय कळतंय’ हे शब्द उर्मट वाटतात, पण त्या क्षणी ते भीतीचेच बोल असतात. थट्टेने भीती कमी होत नाही. भीतीवर लाजेचा थर चढतो, आणि मग मदत मागणेही अवघड होते.

दुसरे टोक पहारेकऱ्याचे, आणि ते प्रेमापोटी येत असल्यामुळे ओळखणे कठीण. पत्नी आधी दुकानात डोकावून येतात, ‘नाही हो, या’ असे सांगतात. खोलीच्या खिडक्या तपासतात. पदराने माश्या हाकलतात. दहा वेळा विचारलेल्या ‘आहे का ग इथं?’ या प्रश्नाला दहा वेळा उत्तर देतात. त्या वेळेपुरते सारे सुरळीत होते. परंतु पत्नी सोबत असल्यावाचून बाहेर पडणे धोक्याचे आहे, असा धडा पतीचे मन घेते. थट्टा करणारा सोबती क्रूर ठरतो आणि पहारा देणारा प्रेमळ. भीतीच्या खात्यावर मात्र दोघेही भरच घालतात. सोबत्याने रात्रंदिवस पहारा द्यावा ही अपेक्षा अन्यायाचीही आहे. सहल त्याचीही असते.

या दोन टोकांच्या मध्ये जागा आहे आणि ती पुरेशी रुंद आहे. ‘तुम्हांला आत्ता भीती वाटतेय, हे मला दिसतंय. मी इथंच आहे. आपण दोन मिनिटं थांबू आणि मग ठरवू.’ या तीन-चार वाक्यांत भीती खरी मानली आहे, धोका मात्र खरा मानलेला नाही. जवळीक आहे, पहारा नाही. आणि निर्णय दोन मिनिटे लांबणीवर टाकला आहे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. कारण भीतीची लाट काही मिनिटांत शिखर गाठते आणि माणूस जागेवर राहिला तर ओसरू लागते. दीर्घ, संथ उच्छ्वास तिला उतरण्यास मदत करतो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ द्यावा.

जयपुरात प्रत्यक्ष काय करावे

बोलणी निघण्यापूर्वी घरी व्हावीत, जिलबीच्या दुकानासमोर नव्हे. त्या बोलण्यात काही गोष्टी ठरून जाव्यात: माशी आली तर कोणते शब्द बोलावयाचे आणि कोणते नाही, रस्त्याकडे पळावयाचे नाही, मागे सरायचे तर भिंतीकडे वा दुकानाच्या आत, आणि एखादे ठिकाण एकाला नकोच असेल तर दुसऱ्याने एकट्याने, मन न खाता, पाहून यावे. या शेवटच्या कलमाविषयी मराठी घरांत संकोच फार. ‘जोडीने आलो आणि एकटी कशी जाऊ?’ असे वाटते. पण पती हॉटेलच्या गच्चीवर वर्तमानपत्र वाचीत बसले आणि पत्नी दोन तास शीशमहाल पाहून हसतमुखाने परतल्या, तर दोघांचेही काही बिघडत नाही. आमेरचा हा भाग ज्यांच्या काळाशी निगडित आहे ते मिर्झाराजे जयसिंह म्हणजे १६६५ च्या पुरंदरच्या तहातील तेच सेनानी. मराठी माणसाने एवढ्या लांब येऊन तो न पाहता परतावे, हे मनाला रुखरुख लावणारेच ठरेल.

जयपूरची ठिकाणेही भीतीच्या दृष्टीने एकसारखी नाहीत, आणि याचा चांगला उपयोग करून घेता येतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेले जंतरमंतर मोकळ्या आवारात आहे. दगडी यंत्रे, उघडे आकाश, चारी बाजूंना वाट. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची सावली पाहताना माशी दिसलीच तर ती दुरून दिसते. पहिला दिवस येथे घालवावा. आमेरला सकाळी उघडताच जावे. गारव्यात कीटक सुस्त असतात आणि गर्दीही कमी. हवामहाल हे त्या मानाने अवघड ठिकाण. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेल्या या वास्तूला ९५३ झरोके आहेत, आणि वर जाणारी वाट चिंचोळी, चढणीची. मागे माणसे, पुढे माणसे, अशा जागी घाबरलेला माणूस अडकतो. तेथे मधल्या दिवसांत, अंगात थोडा विश्वास आल्यावर जावे, किंवा समोरच्या रस्त्यावरूनच ती सुंदर दर्शनी बाजू पाहून समाधान मानावे. तिचे खरे रूप तेथूनच दिसते. मिठाईच्या दुकानाची पायरी शेवटची. आधी रस्त्याच्या पलीकडून दुकान पाहावे, मग दाराशी उभे राहावे, मग पुडा बांधून घ्यावा, आणि जमले तर शेवटच्या दिवशी तेथेच उभ्याने घेवरचा एक तुकडा खावा. जमले नाही तर पुडा आहेच.

प्रत्येक पायरी भिणाऱ्याच्या संमतीने चढावयाची. सोबत्याने हात धरून ओढून नेले, अथवा ‘सरप्राइज’ म्हणून पोळ्याखाली नेऊन उभे केले, तर आधी कमावलेलेही हातचे जाते. एका पायरीवर दोनदा थांबावे लागले तरी चालेल. सहलीत पूर्ण बरे होण्याचा संकल्प सोडूही नये आणि त्याचा आग्रहही धरू नये. सहल हे रुग्णालय नव्हे.

साधी सावधगिरी मात्र दोघांनीही घ्यावी. बाटलीत वा कुल्हडमध्ये पाहूनच ओठ लावावा, कारण तोंडाच्या आतील दंश सूज आल्यास धोकादायक ठरतो. बागेत अनवाणी चालू नये. माशी जवळ आली तर हात न झटकता स्थिर राहावे किंवा सावकाश बाजूला सरावे.

जेथे भीती रास्त आहे

आतापर्यंतचे विवेचन प्रमाणाबाहेरच्या भीतीविषयी झाले. दोन प्रसंग असे आहेत की तेथे सोबत्याने ‘काही होत नाही’ असे म्हणणे घातक ठरेल.

पहिला प्रसंग वावडे असल्याचा. काही थोड्या व्यक्तींच्या शरीरात दंशानंतर तीव्र प्रतिक्रिया उमटते. दंशाच्या जागी वेदना, लाली आणि सूज येणे हे सर्वसामान्य होय. बर्फाने शेकावे, जागा धुवावी. लोखंड घासणे, चुना लावणे हे घरगुती उपाय मनाला धीर देतात, याहून अधिक त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. परंतु दंशापासून दूरच्या भागावर गांध्या उठणे, ओठ, जीभ वा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे, उलट्या, भोवळ यांपैकी काही दिसल्यास तो क्षण घरगुती उपायांचा नसतो. या अवस्थेला नाव देणाऱ्या संशोधकांपैकी शार्ल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्यावरील मुख्य औषध अ‍ॅड्रिनॅलिन. ते मांडीच्या स्नायूत जितके लवकर दिले जाईल तितके चांगले. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला आडवे ठेवावे, श्वास लागत असल्यास टेकवून बसवावे, उभे करून चालवू नये. ज्यांना पूर्वी एकदा अशी प्रतिक्रिया आली आहे त्यांची भीती अवास्तव नव्हे. त्यांनी निघण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा आणि औषध जवळ बाळगावे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हेही विसरू नये.

दुसरा प्रसंग आग्या मोहोळाचा. उंच कड्यांवर आणि जुन्या वास्तूंवर मोठ्या मधमाश्यांची लोंबती मोहोळे असतात. अजिंठ्याच्या लेण्यांत आणि शिवनेरीवर या माश्यांनी पर्यटकांवर हल्ला केल्याच्या बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. धूर, तीव्र सुगंध, फटाके, दगड मारणे यांनी मोहोळ उठते. येथे नियम नेमका उलटा: एकट्या गांधीलमाशीपुढे स्थिर राहावे, उठलेल्या मोहोळापुढे मात्र पळावे. तोंड आणि डोके कपड्याने झाकून सरळ रेषेत, बंद खोली वा गाडी गाठेपर्यंत. पाण्यात उडी मारून काही साधत नाही. माश्या वर घिरट्या घालीत थांबतात. त्वचेत रुतलेली मधमाशीची नांगी चिमटीने वा नखाने, जशी जमेल तशी, लगेच काढावी. विलंब अधिक हानिकारक. पतीने गडावरील मोहोळ पाहून ‘इकडून नको’ म्हटले, तर त्या वेळी त्यांचेच ऐकावे.

परतल्यावर

भीती सहलीपुरती न राहता रोजच्या जीवनात अडथळा आणीत असेल, तर उपचार घ्यावेत. आणि मानसिक विकारांपैकी हा सर्वांत चांगल्या रीतीने बरा होणाऱ्यांपैकी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर उपचार केले. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा दूरवर ठेवला जाई आणि दररोज थोडा जवळ आणला जाई. अखेरीस पीटर त्याला कुरवाळू लागला. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली याच तत्त्वाला पद्धतशीर रूप दिले. स्वीडनचे लार्स-गोरन ओस्त यांनी १९८९ साली दाखवून दिले की विशिष्ट भीतीवर तज्ज्ञाच्या देखरेखीखालील एकच, जास्तीत जास्त तीन तासांचे सत्र अनेकांना पुरेसे होते.

महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती येथे उपयोगी पडते. तिचे जनक अल्बर्ट एलिस. त्यांचा भर माणूस स्वतःशी काय बोलतो यावर होता. ‘चावली तर दुखेल, त्रास होईल’ हे विधान खरे आहे. ‘चावली तर मला ते सहनच होणार नाही’ हे तपासून पाहण्याजोगे आहे. एलिस यांना तरुणपणी मुलींशी बोलण्याचीच भीती वाटे. त्यांनी न्यूयॉर्कमधील एका वनस्पती-उद्यानात बसून महिनाभरात शंभर स्त्रियांशी मुद्दाम संवाद साधला. भेटीगाठी फळाला आल्या नाहीत, भीती मात्र गेली. ठाण्याची १९९० पासून कार्यरत असलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, अथवा आपल्या शहरातील मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जाता येईल. केंद्र शासनाच्या टेली-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर मराठीतूनही बोलता येते. ती ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. आरोग्यविम्याच्या बाबतीत, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च आपल्या पॉलिसीत बसतो की नाही, हे मात्र कागद काढून वाचावे.

मुले बरोबर असतील तर आणखी एक विचार. आई-वडिलांची घाबरण्याची रीत मुले शब्दांवाचून उचलतात. उलट दिशेनेही तेच घडते. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली कुत्र्याला भिणाऱ्या लहान मुलांना, त्यांच्याच वयाचे एक मूल कुत्र्याशी टप्प्याटप्प्याने खेळताना दाखविले. ती पाहणारी मुले नंतर स्वतः कुत्र्याजवळ जाऊ लागली. तेव्हा वडिलांनी मुलांसमोर भीती लपविण्याची कसरत करू नये. ‘मला या माशीची भीती वाटते, म्हणून मी इथे जरा उभा राहून श्वास सोडतोय. तुझी आई बघ कशी सावकाश बाजूला झाली,’ एवढे सांगावे आणि मुलाच्या हातातली जिलबी त्याला खाऊ द्यावी.